स्नानसंस्कार : पाण्याचा शिक्का आणि जातीचा शिक्का

धर्मांतर का करावे, कोणी करावे, करून काय मिळाले, यावर दलित चळवळीत पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु माणूस ज्या विधीने एका धर्मातून दुसऱ्या धर्मात जातो, त्या विधीत त्याला कोणते वचन दिले जाते आणि ते पाळले जाते की नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत तर तो विचारलाच जात नाही. 'डोक्यावर पाणी ओतले की झाला ख्रिस्ती' एवढ्या एका वाक्यात आमचे कार्यकर्ते हा विषय संपवतात. उलट चर्चमधील मंडळी या विधीविषयी इतक्या गूढ भाषेत बोलतात की आपल्या जगण्याशी त्याचा काही संबंध असेल, असे ऐकणाऱ्याला वाटतच नाही.

मी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका कॅथलिक कुटुंबात जन्मले. आमचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. शाळेत शिकवण्यात माझी उमेद गेली. अभ्यासवर्गात बौद्ध, मातंग आणि ख्रिस्ती तरुण एकत्र बसले की मला एक प्रश्न हमखास येतो : 'बाई, तुमच्या बाप्तिस्म्याने तुमची जात गेली का?' या प्रश्नाला 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येते. पण ते उत्तर अपुरे आहे. जात जायला हवी होती की नव्हती, म्हणजे या विधीचा स्वतःचाच दावा काय आहे, हे आधी समजले पाहिजे. तरच वचन कोठे मोडले आणि कोणी मोडले, हे बोट ठेवून दाखवता येईल.

१

प्रॉटेस्टंट मंडळी 'बाप्तिस्मा' म्हणतात. मराठी कॅथलिक त्यालाच 'स्नानसंस्कार' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. त्यांतला हा पहिला, आणि बाकीच्या सहांचे दार. हा झाल्याशिवाय दुसरा कोणताही संस्कार घेता येत नाही.

बालकाच्या स्नानसंस्काराचा आजचा क्रम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली ठरला. चर्चच्या दारात धर्मगुरू आईबापांना विचारतो, बाळाचे नाव काय ठेवले? चर्चकडे बाळासाठी काय मागता? मग तो बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतो. आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाताही तशीच खूण करतात. शास्त्रवाचन होते. छातीला तेल लावले जाते. पाण्यावर प्रार्थना म्हटली जाते. त्यानंतर प्रश्नोत्तरे. आधी सैतानाचा आणि त्याच्या कृत्यांचा धिक्कार, मग श्रद्धेचा स्वीकार. बाळाच्या वतीने मोठी माणसे उत्तर देतात. मग धर्मगुरू बाळाला नावाने हाक मारून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीनदा डोक्यावर पाणी ओततो किंवा तीनदा पाण्यात बुचकळतो. टाळूला क्रिझम नावाचे सुगंधी पवित्र तेल लावतो. पांढरे वस्त्र पांघरतात. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून एक लहान मेणबत्ती पेटवून घरच्यांच्या हाती देतात. शेवटी धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, रजिस्टरात नोंद होते.

यातले तेल, वस्त्र, मेणबत्ती ही चिन्हे आहेत. प्रसंग आणीबाणीचा असेल तर ती गळली तरी चालते. पाणी आणि ते शब्द गळले तर मात्र संस्कार झालाच नाही. शब्दांविषयी चर्च किती काटेकोर आहे, याचे अलीकडचे उदाहरण आहे. काही धर्मगुरू 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याऐवजी 'आम्ही देतो' असे म्हणू लागले होते. हेतू चांगला होता, सर्व समाजाला सामावून घेण्याचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये व्हॅटिकनने निर्णय दिला की असे संस्कार मुळात झालेलेच नाहीत. ते नव्याने करावे लागतील. कारण हा संस्कार देणारा स्वतः ख्रिस्त आहे. धर्मगुरूचे तोंड त्याचे आहे, जमलेल्या मंडळींचे नव्हे.

वरवर पाहता ही शब्दांची कीस काढणी वाटेल. परंतु आपल्या बाजूने पाहा. माणसाला आत घेण्याचा अधिकार जमलेल्या समाजाकडे नाही, असाच याचा अर्थ होतो. जातीत घेणे हे जातपंचायतीच्या हाती असते. ती घेते, ती वाळीत टाकते, ती दंड घेऊन परत घेते. स्नानसंस्काराच्या दारात पंचायतीला जागाच ठेवलेली नाही.

२

आता या पाण्याचा अर्थ. संत पौलाच्या मते पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे आणि पाण्यातून वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. म्हणजे हे केवळ अंघोळीचे चिन्ह नव्हे. हे मरणाचे आणि जन्माचे चिन्ह आहे. प्राचीन चर्चमध्ये प्रौढ माणसे दीर्घ तयारीनंतर पुनरुत्थान सणाच्या रात्री हा संस्कार घेत. ती प्रथा व्हॅटिकन परिषदेनंतर पुन्हा सुरू झाली. प्रौढांसाठीचा विधी १९७२ साली प्रसिद्ध झाला. सक्तीला येथे वाव नाही. प्रौढाने स्वतः मागितल्याशिवाय त्याला हा संस्कार देता येत नाही.

याच जागी आमचे बौद्ध मित्र एक रास्त आक्षेप घेतात. ते म्हणतात, 'तुमचा धर्म तान्ह्या मुलालाही आदिपापी म्हणतो. जन्मतःच पापी म्हणणारा धर्म आणि जन्मतःच अपवित्र म्हणणारी जात, यांत फरक तो काय?' हा प्रश्न टाळून चालणार नाही.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला असा की आदिपापाला श्रेणी नाही. चर्चच्या शिकवणीप्रमाणे ते पोपच्या मुलखातल्या राजपुत्रालाही आहे आणि गावकुसाबाहेरच्या बाळालाही, आणि दोघांना सारखेच. जातीची अपवित्रता मात्र पायरीपायरीने वाढत जाते. वरच्याला ती नसतेच आणि खालच्याला ती भरून उरते. दुसरा फरक असा की आदिपाप पाण्याने धुऊन जाते, एकदाच आणि पुरते. अस्पृश्याची अपवित्रता कोणत्याही पाण्याने जात नाही. उलट त्याच्या स्पर्शाने पाणीच बाटते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे शेण-गोमूत्राने 'शुद्ध' केले. एका व्यवस्थेत पाणी माणसाला पावन करते. दुसऱ्या व्यवस्थेत माणूस पाण्याला बाटवतो. आदिपापाची कल्पना पटो वा न पटो, तिला जातीच्या पंगतीला बसवता येणार नाही.

बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळाचे काय, असेही विचारतात. जुन्या काळी अशा बाळांसाठी स्वर्ग-नरकाच्या मधली 'लिंबो' नावाची जागा कल्पिली होती. २००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने अशा बाळांच्या मुक्तीची आशा बाळगायला सबळ आधार आहेत, असे सांगितले. शिवाय आपल्या दोषावाचून ज्यांना ख्रिस्त माहीत झाला नाही, त्यांनाही मुक्ती मिळू शकते, हे व्हॅटिकन परिषदेने मान्य केलेच आहे. तेव्हा हा संस्कार बाकीच्या जगाला बाहेर ठेवण्याचे कुंपण म्हणून समजून घेऊ नये.

टाळूला लावलेल्या तेलाचा अर्थ तर आमच्या माणसांना कोणी नीट सांगितलाच नाही. या तेलाने बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येकजण ख्रिस्ताच्या तीन पदांत वाटेकरी होतो : याजक, संदेष्टा आणि राजा. याजक म्हणजे देवापुढे उभा राहण्याचा ज्याला हक्क आहे तो. संदेष्टा म्हणजे अन्यायाविरुद्ध बोलण्याचा ज्याला अधिकार आहे तो. राजा म्हणजे जो कोणाचा बंदा नाही तो. ज्याला देवळाच्या पायरीवर मज्जाव, ज्याने पाटलापुढे तोंड उघडायचे नाही आणि ज्याच्या नशिबी येसकरकी, त्याच्या टाळूवर हे तेल लागले आणि त्याला त्याचा अर्थ कळलाच नाही! व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात हेच कायद्याच्या भाषेत मांडले. वंश, राष्ट्र, सामाजिक स्थिती किंवा स्त्री-पुरुष भेद यांवरून ख्रिस्तात आणि चर्चमध्ये विषमता असू शकत नाही, असे त्यात म्हटले आहे, आणि त्यासाठी आधार घेतला आहे पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा. तेथे पौल बाप्तिस्म्याच्याच संदर्भात सांगतो की ज्यू आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हे भेद आता उरलेले नाहीत.

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात इथिओपियाच्या राणीच्या खोजा अधिकाऱ्याची गोष्ट आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे खच्ची केलेल्या माणसाला देवाच्या मंडळीत जागा नव्हती. हा माणूस यरुशलेमला भजनासाठी जाऊन परत निघालेला असतो. वाटेत फिलिप्प त्याला भेटतो, शास्त्राचा अर्थ सांगतो. पाणी दिसताच तो अधिकारी विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला आता अडचण कोणती? आयुष्यभर अडवला गेलेला माणूसच असा प्रश्न विचारू शकतो. फिलिप्प त्याला पाण्यात घेऊन उतरतो. अडचण कोणतीच नव्हती.

३

स्नानसंस्काराचे तीन नियम प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावेत.

पहिला नियम : पाणी कोणतेही चालते. ते खरे पाणी असले म्हणजे झाले. विहिरीचे, नदीचे, नळाचे, आणि कोणाच्याही घरच्या मडक्यातले.

दुसरा नियम : निकडीच्या प्रसंगी हा संस्कार कोणीही देऊ शकतो. बिशप, धर्मगुरू आणि उपयाजक हे नेहमीचे अधिकारी. परंतु माणूस मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर कोणीही स्त्री वा पुरुष, एवढेच नव्हे तर स्वतः ख्रिस्ती नसलेला माणूसही, चर्चला अभिप्रेत असलेली गोष्ट करण्याच्या हेतूने पाणी ओतून ते शब्द म्हणेल, तर तो बाप्तिस्मा पूर्ण होतो. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेत, म्हणजे कॅनन लॉमध्ये, हे स्पष्ट आहे. मरणोन्मुख बाळाला असा बाप्तिस्मा कसा द्यावा, हे चर्च पूर्वीपासून सुइणींना शिकवीत आले. आता आपल्या खेड्यांत सुईणपण कोणाकडे होते? बहुधा मांगवाड्यातल्या बायकांकडे. म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे मांगवाड्यातल्या सुइणीने मडक्यातल्या पाण्याने दिलेला बाप्तिस्मा आणि रोममध्ये पोपने दिलेला बाप्तिस्मा यांत तसूभर फरक नाही. तिच्या हाताचा विटाळ नाही, तिच्या मडक्याचा विटाळ नाही. चौथ्या-पाचव्या शतकात आफ्रिकेतील दोनातपंथीयांनी पतित धर्मगुरूंचा बाप्तिस्मा खोटा ठरवला, तेव्हा संत ऑगस्टीनने त्यांना हेच सुनावले होते की हात कोणाचाही असो, देणारा ख्रिस्त आहे. ज्या धर्मविधीत विधी करणाऱ्याच्या जन्माला काडीची किंमत नाही असा विधी आपल्या देशात किती दुर्मीळ आहे, हे वाचकांना मी सांगायला नको.

तिसरा नियम : हा संस्कार एकदाच होतो. तो आत्म्यावर एक शिक्का उमटवतो आणि तो शिक्का पुसता येत नाही, असे चर्च मानते. माणूस पापी झाला, श्रद्धा सोडून गेला, दुसऱ्या धर्मात गेला, तरी शिक्का राहतो. परत आला तर पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. रजिस्टरातील आपली नोंद काढून टाका अशी मागणी युरोपात अनेकजण करतात. ती काढता येणार नाही, कारण ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे, असे व्हॅटिकनने २०२५ साली पुन्हा बजावले.

पुसता न येणारा शिक्का म्हटले की आपल्याला दुसराच एक शिक्का आठवतो. जन्माने लागलेला, धर्म बदलला तरी सोबत येणारा, मेल्यावरही स्मशानाची जागा ठरवणारा. भारतातील दलित कॅथलिकाच्या अंगावर हे दोन्ही शिक्के आहेत, आणि दोघांचाही दावा कायमचेपणाचा आहे. खरा सवाल एवढाच आहे की यांतला कोणता शिक्का खरा मानला गेला?

४

इतिहास याचे उत्तर देतो, आणि ते चर्चला भूषणावह नाही.

१६०६ साली रॉबर्टो द नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरैला आला. उच्चवर्णीयांना ख्रिस्ती करायचे तर त्यांच्यासारखे राहिले पाहिजे, म्हणून त्याने ब्राह्मण संन्याशाचा वेष आणि आहार स्वीकारला. खालच्या जातींत काम करणाऱ्या आपल्याच संघातील धर्मगुरूपासून तो अंतर राखून राहिला. धर्मांतरितांनी जानवे, शेंडी आणि गंध ठेवावे, असा त्याचा आग्रह होता, आणि १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी काही अटींवर ते मान्य केले. १६४० च्या सुमारास खालच्या जातींसाठी वेगळ्या वेषाचे 'पंडारम' धर्मगुरू नेमले गेले. पाणी एकच राहिले, पण पाणी ओतणारे हात दोन प्रकारचे झाले.

याच वादात थुंकीचे प्रकरण येते. त्या काळी बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आपल्या लाळेचे बोट बालकाच्या कानाला आणि नाकाला लावीत असे. येशूने लाळ लावून एका बहिऱ्या-तोतऱ्याला बरे केले, त्याची ती आठवण. उच्चवर्णीय धर्मांतरितांना हे किळसवाणे वाटे. दुसऱ्याची लाळ म्हणजे उष्टे, विटाळ! म्हणून दक्षिणेतले मिशनरी ही कृती गाळू लागले. १७०४ साली पोपचे प्रतिनिधी दे तूर्नों यांनी पाँडिचेरीत हुकूम काढला की लाळेची कृती गाळू नये. त्याच हुकुमात असेही होते की आजारी पारियांच्या घरी जाऊन धर्मगुरूंनी संस्कार द्यावेत. असा हुकूम काढावा लागला, यातच सर्व आले. धर्मगुरू पारियाच्या झोपडीत पाऊल टाकीत नव्हते. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांच्या गळ्यात थुंकीसाठी मडके बांधले जाई, याचा उल्लेख बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या निबंधात केला आहे. थुंकी माणसामाणसांत कशी भिंत घालते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्पर्शाचा संस्कार भारतात आला आणि पहिला तडा गेला तो स्पर्शालाच.

१७४४ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी या वादावर निर्णय दिला. बहुतेक बाबतींत जुने हुकूम कायम ठेवले. परंतु पारियांसाठी स्वतंत्र मिशनरी नेमण्याची जेझुइटांची तोड त्यांनी मान्य केली. म्हणजे तत्त्व समतेचे आणि व्यवस्था वेगळ्या पंगतीची. पाँडिचेरीच्या चर्चमध्ये पारियांना वेगळे काढणारी भिंत होती. ती हटवण्यावरून १७४५ साली उसळलेल्या वादाची हकीकत आनंद रंग पिल्ले यांच्या रोजनिशीत आहे. तमिळनाडूत वडक्कनकुळम येथे तर वेल्लाळ आणि नाडर यांनी एकमेकांना पाहू नये म्हणून वेदीपाशी जुळणाऱ्या दोन लांब दालनांचे चर्च बांधले गेले. तेथील भिंती १९१० साली पाडल्या गेल्या, तेव्हा वेल्लाळ ख्रिस्ती कोर्टात गेले. आपल्या शेजारी गोव्यात बाप्तिस्मा घेतलेले बामण बामणच राहिले, चारडो चारडो आणि सुदीर सुदीर. आणि चर्चच्या उत्सवांचे मान सांभाळणाऱ्या कॉन्फ्रारिया अनेक गावांत जातीजातींत वाटल्या गेल्या.

आमच्या नगरकडे चित्र थोडे निराळे आहे. येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिशनकडे आले ते प्रामुख्याने महार आणि मांग. चर्चमध्ये सवर्णच नव्हते, मग भिंत कोणासाठी घालायची? पण म्हणून जात गेली असे नव्हे. महारातले ख्रिस्ती आणि मांगातले ख्रिस्ती यांच्यात सोयरीक करताना आजही माणसे चाचरतात. एकाच पाण्याने न्हालेली ही माणसे! भिंत घालायला ब्राह्मणच लागतो असे नाही, हे आपण आपल्याशीही कबूल केले पाहिजे.

चर्च यावर बोललेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८२ साली तिरुचिरापल्लीच्या बैठकीत भारतीय कॅथलिक बिशपांनी जातिभेद हा ख्रिस्ती श्रद्धेलाच नाकारणारा आहे, असे म्हटले. २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तमिळनाडूच्या बिशपांना याचीच समज दिली. २०१६ साली बिशप परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. पहिले, आणि तेही २०२२ साली! तमिळनाडूतील काही कॅथलिक स्मशानभूमींतली जातीची विभागणी मात्र या ठरावांना पुरून उरली. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नावे एकाखाली एक. पुरायला जागा वेगळी.

५

आता सरकारचे पाहू. चर्चने आपला शिक्का नीट पाळला नाही. सरकारने मात्र तो अक्षरशः खरा धरला, आणि तोही आपल्या माणसाच्या विरोधात.

१० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीचा मानता येणार नाही, असे ठरवले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. बाप्तिस्म्याने जात जाते, असा यामागचा तर्क. म्हणजे गलतीकरांचे पत्र भारत सरकारने जसेच्या तसे मानले म्हणायचे! मद्रासच्या रस्त्यावर चपला सांधणाऱ्या सूसै नावाच्या आदिद्रविड ख्रिस्ती चर्मकाराला, हिंदू चर्मकारांना मिळालेली टपरी मिळाली नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. ख्रिस्ती समाजात गेल्यावरही तितक्याच तीव्रतेची दुर्बलता टिकून असल्याचे सिद्ध झालेले नाही, असे कारण दिले.

परंतु हेच न्यायालय दुसऱ्या बाजूने काय म्हणते? १९८४ सालच्या एका निवाड्यात त्याने सांगितले की धर्मांतराने जात नष्ट होत नाही, तिला ग्रहण लागते. माणूस परत हिंदू झाला की ग्रहण सुटते. २०१५ सालच्या निवाड्याने परतणाऱ्यावर अट घातली ती अशी की त्या जातीने त्याला परत स्वीकारले पाहिजे. पाहा, येथे 'आम्ही' परत आले! जी पंचायत स्नानसंस्काराच्या दारात नव्हती, ती सर्टिफिकेटच्या दारात उभी आहे. आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुदुच्चेरीतील एका तरुणीचा दावा फेटाळताना न्यायालयाने तिचा तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा पुरावा म्हणून धरला. चर्चला जाणाऱ्या स्त्रीने केवळ नोकरीसाठी हिंदू म्हणवून घेणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असा निष्कर्ष काढला.

म्हणजे सवलत मागायला गेले की बाप्तिस्म्याचा शिक्का खरा, जात गेलेली. परत आले की जातीचा शिक्का खरा, ती ग्रहणात लपलेली. दोन्ही वेळा तोटा एकाचाच. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा धर्माचा निकष काढून टाकावा, अशी शिफारस केली. २०२२ साली न्या. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला. आयोगामागून आयोग येतात, आणि आमच्या मुलांचे दाखले आडवे येत राहतात.

याचा परिणाम विधीवरच झाला आहे. माझ्या नात्यागोत्यात दोन नावांची माणसे पुष्कळ आहेत. चर्चच्या रजिस्टरात एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. खरे तर १९८३ च्या विधिसंहितेने संताचेच नाव हवे असे म्हटलेले नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसले की पुरे. तेव्हा नावाची अडचण धर्माची नाही, दाखल्याची आहे. काही घरी बाळाचा स्नानसंस्कार लांबवतात, काही घरी तो गुपचूप उरकतात. जो विधी चारचौघांदेखत, मेणबत्ती पेटवून करायचा, तो चोरून करावा लागतो. पोटासाठी माणसाला आपला जन्म लपवावा लागे, ते आपण पाहिले आहे. आता त्याला आपला दुसरा जन्मही लपवावा लागतो. अशा आईबापांना बेइमान म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्यापुढचे दोन दरवाजे पाहावेत.

६

शेवटी धम्मदीक्षेशी तुलना करणे मला आवश्यक वाटते, कारण ती बाबासाहेबांनीच आपल्या हाती दिली आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एक उणीव दाखवली आहे. भिक्षूला संघदीक्षा होती, परंतु गृहस्थ उपासकासाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती, आणि ही मोठीच चूक झाली. दीक्षेविना माणूस अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो गृहस्थांना दीक्षा दिली, आणि बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवांचा आणि विषमतेचा नाव घेऊन त्याग करायला लावला.

या अंगाने स्नानसंस्कार आणि धम्मदीक्षा यांची घडण जवळची आहे. दोन्ही संन्याशासाठी नाहीत, संसारी माणसासाठी आहेत. दोन्हींत आधी धिक्कार, मग स्वीकार. भेदही मोठा आहे. तेथे कृपा देवाची, येथे निर्धार माणसाचा. आणि तो भेद मी पुसू इच्छीत नाही. पण बाबासाहेबांनी एक गोष्ट केली, ती भारतातल्या चर्चने चार शतकांत केली नाही. त्यांनी त्यागाच्या यादीत विषमतेचे नाव घेतले. चर्च 'सैतान आणि त्याची कृत्ये' एवढेच म्हणते. ऐकणारा सवर्ण ख्रिस्ती 'धिक्कार करतो' असे खुशाल म्हणतो आणि घरी जाऊन जात बघून सोयरीक जुळवतो. त्याच्या मते त्याने काही मोडलेच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि चर्चच्या चौकटीतलीच आहे. प्रौढांच्या विधीत धिक्काराचे शब्द स्थानिक परिस्थितीप्रमाणे अधिक स्पष्ट, अधिक तपशीलवार करण्याची मुभा त्या-त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे. भारतातील परिषदेने ती वापरावी. प्रत्येक बाप्तिस्म्यात आईबापांना आणि धर्मपालकांना, आणि पुनरुत्थान सणाच्या रात्री सबंध मंडळी आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारते तेव्हा प्रत्येकाला, सरळ विचारावे की जातीचा आणि अस्पृश्यतेचा धिक्कार करता काय? स्मशान, सोयरीक आणि चर्चमधील मान यांत जात न पाळण्याचे वचन देता काय?

कॅथलिक तरुणांनी ही मागणी आपापल्या धर्मग्रामात लेखी मांडावी. ती भीक म्हणून मागायची नाही. टाळूवर तेल लागले त्या दिवशीच तो हक्क मिळाला आहे. बौद्ध आणि इतर मित्रांनीही १९५० च्या आदेशाविरुद्धच्या लढ्यात आमच्याबरोबर उभे राहावे. शासनाने जात धर्मावरून मोजू नये आणि चर्चने बाप्तिस्मा जातीवरून मोजू नये. या दोन मागण्या एकच आहेत. मंडळीपुढे तो प्रश्न नाव घेऊन विचारला गेला, की उत्तर देणाऱ्याला 'मला माहीत नव्हते' असे म्हणायची सोय उरणार नाही.